गाडीचं ॲव्हरेज अचानक पडलं? इंजिनात पेट्रोल जास्त जातंय का, हे असं ओळखा

रस्ता नेहमीचा, वेग नेहमीचा, तरी टाकी लवकर रिकामी होतेय. सायलेन्सरमधून काळा धूर येतोय, सोबत पेट्रोलचा वासही. पेट्रोल गाडीत ही लक्षणं एकत्र दिसली, तर बहुधा इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळतंय. गॅरेजच्या भाषेत याला ‘रिच मिक्स्चर’ म्हणतात.

नेमकं काय बिघडतं?

१ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सेन्सरकडून येणाऱ्या माहितीवरून गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे ईसीएम, हे प्रमाण राखतो. माहिती चुकली किंवा इंजेक्टर गळू लागला, की पेट्रोल जास्त होतं आणि अर्धवट जळतं. त्यातून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो.

थंड इंजिन सुरू होताना मिक्स्चर मुद्दामच रिच ठेवलेलं असतं. त्यामुळे तपासणी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर करावी.

धूर आणि प्लग काय सांगतात?

काळा धूर म्हणजे जादा पेट्रोल. निळसर धूर असेल तर ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर कूलंट आत जात असण्याची शक्यता असते.

स्पार्क प्लगचं टोक फिकट तपकिरी किंवा राखाडी असेल तर सगळं ठीक. त्यावर कोरडी काळी काजळी असेल, तर मिक्स्चर रिच आहे. पीयूसीच्या पावतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा मागच्या वेळेपेक्षा बराच वाढला असेल, तर तोही इशाराच.

स्कॅनर लावल्यावर काय बघायचं?

चेक इंजिनचा दिवा लागला असेल, तर स्कॅनरवर अनेकदा ‘पी०१७२’ हा कोड दिसतो. मिक्स्चर रिच आहे, एवढंच तो सांगतो. खराब भाग कोणता, हे सांगत नाही. तरीही अनेकदा थेट ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. तो बिचारा बहुतेक वेळा खरंच सांगत असतो.

त्याऐवजी ‘फ्युएल ट्रिम’ बघावा. तो सतत उणे १० टक्के किंवा त्याहून खाली असेल, तर कॉम्प्युटर पेट्रोल कमी करायला धडपडतोय. मग कूलंटचं तापमान बघावं. इंजिन तापलेलं असूनही स्कॅनर ३० अंशच दाखवत असेल, तर तो सेन्सर बिघडलाय. इंजिन थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जादा पेट्रोल देत राहतो. हे ठीक असेल, तर हवेचा सेन्सर, इंजेक्टर आणि पेट्रोलचा दाब तपासावा.

दुर्लक्ष का करू नये?

न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतं, तो प्रमाणाबाहेर तापून निकामी होतो आणि नवा बराच महाग पडतो. पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं, तर ऑइल पातळ होऊन इंजिन झिजतं. सगळ्यात गंभीर म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. त्यामुळे गाडी सुरू ठेवून करायची तपासणी बंद गॅरेजमध्ये नव्हे, मोकळ्या जागेतच करावी.