अक्कलकोट–दुधनी–गाणगापूर: ई-सायकलवाल्यांनो, एकदा जाच!

स्वामी समर्थांच्या अक्कलकोटहून मैंदर्गी, दुधनी करत दत्तप्रभूंच्या गाणगापूरला ई-सायकलने जाण्यात खरंच मजा आहे. दोन्ही बाजूंना काळी रानं, तुरीची शेतं. दुधनी सोडली की लगेच कर्नाटक.

🔋 ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ३६० वॅट-तास. पूर्ण चार्जिंगला अर्ध्या युनिटहून कमी वीज लागते.

💨 पावसाळ्यात पश्चिमेचा वारा परतीला आडवा येतो. वेग कमी ठेवून पॅडल मारत राहिलं की बॅटरी पुरते.

☀️ उन्हाळ्यात पहाटेच निघा. तापलेली बॅटरी सावलीत गार झाल्यावरच चार्जिंगला लावा.

📄 मोटर २५० वॅटखालची आणि कमाल वेग ताशी २५ किमीखाली असेल, तर लायसन्स-नोंदणी लागत नाही.

चार्जर मात्र सोबत हवाच!