कल्याणचा बिशप आणि सपाट पृथ्वी

कल्याणच्या प्राचीन बंदराचा विषय निघाला की कॉस्मसचं नाव येतंच. सहाव्या शतकातला हा अलेक्झांड्रियाचा व्यापारी. इसवी सन ५५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘ख्रिश्चन टोपोग्राफी’ या ग्रीक ग्रंथात त्याने भारताच्या किनाऱ्यावरची बंदरं सांगितली आहेत, त्यात ‘कल्लियाना’ आहे. तिथून धातू, लाकूड आणि कापड बाहेर जातं, तिथे ख्रिस्ती लोक राहतात आणि त्यांचा बिशप पर्शियातून नेमला जातो, अशी त्याची नोंद. बहुतेक अभ्यासकांच्या मते हे आपलंच कल्याण.

इथवर ठीक. पण पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच, ‘त्याने पृथ्वी सपाट असल्याचं लिहिलंय! बायबलच तसं सांगतं. कोलंबस निघेपर्यंत सगळे ख्रिस्ती तसंच मानायचे.’ व्याख्यानानंतरच्या गप्पांत, व्हॉट्सअ‍ॅपवर, शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पुढची दोन नाहीत.

कॉस्मसचं विश्व म्हणजे एक पेटी. मोशेने वाळवंटात उभारलेला निवासमंडप हीच विश्वाची प्रतिकृती, असं त्याने धरलं. तळाशी लांबीच्या निम्मी रुंदी असलेली सपाट जमीन, वर कमानदार छत, आणि उत्तरेला एक अजस्र पर्वत. सूर्य त्या पर्वताआड गेला की रात्र. पृथ्वी गोल असेल तर खालच्या बाजूला पाऊस वरच्या दिशेने पडेल का, असा त्याचा सवाल. चौथ्या शतकात लॅक्टॅन्शियस नावाच्या ख्रिस्ती लेखकानेही गोल पृथ्वीची टर उडवली होती. तेव्हा सपाट पृथ्वी मानणारे ख्रिस्ती नव्हतेच, असं मी म्हणत नाही.

पण ते किती होते आणि त्यांचं ऐकत कोण होतं, हे कुणी विचारतच नाही. कॉस्मसच्याच काळात, त्याच्याच शहरात जॉन फिलोपोनस हा ख्रिस्ती तत्त्वज्ञ होता. त्याने बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावरच भाष्य लिहिलं आणि त्यात गोल विश्वाची बाजू घेतली. नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलचा धर्मप्रमुख फोटिअस याने कॉस्मसचं पुस्तक वाचून त्याला विश्वास ठेवण्याजोगा लेखक मानायला नकार दिला. पश्चिम युरोपात तर हे पुस्तक फारसं कुणाच्या वाचनातच नव्हतं, कारण त्याचं लॅटिन भाषांतर छापलं गेलं ते अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. ज्या पुस्तकाने मध्ययुगीन युरोपला सपाट पृथ्वी शिकवल्याचं सांगतात, ते त्या युरोपने जवळपास पाहिलंही नव्हतं.

मग तिथले पाद्री काय शिकवत होते? आठव्या शतकात बीड हा इंग्लंडमधला मठवासी पृथ्वीला चेंडूसारखी गोल म्हणतो. तेराव्या शतकात सॅक्रोबोस्कोचं ‘गोलाविषयी’ हे पुस्तक विद्यापीठांत लावलेलं होतं. त्याच शतकातला धर्मपंडित थॉमस अक्विनास आपल्या महाग्रंथाच्या अगदी सुरुवातीला, एकच निष्कर्ष दोन शास्त्रं वेगवेगळ्या वाटांनी कसा काढतात याचं उदाहरण देतो, आणि ते उदाहरण असतं पृथ्वीच्या गोलाईचं. वादाच्या मुद्द्याचं उदाहरण कुणी असं सहज देत नाही.

ठाण्याचाही यात दुवा आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रचारक मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डनस मागे राहिला आणि त्याने पुढे भारताचं वर्णन लिहिलं. इथे ध्रुवतारा फार खाली दिसतो, एके ठिकाणी तर क्षितिजाच्या वर जेमतेम दोन बोटं दिसला, असं तो सांगतो. कल्याणहून ध्रुवतारा क्षितिजापासून सुमारे १९ अंशांवर दिसतो, दिल्लीहून २८ च्या आसपास, कन्याकुमारीहून ८. दक्षिणेकडे जावं तसा तो उतरत जातो, कारण पायाखालची जमीन वळत जाते.

कोलंबसचा वाद आकाराविषयी नव्हताच, मापाविषयी होता. त्याने पृथ्वी प्रत्यक्षापेक्षा बरीच लहान धरली होती. त्याला विरोध करणाऱ्या विद्वानांचा अंदाज अधिक बरोबर होता. सपाट पृथ्वीवाल्या धर्मपंडितांशी भांडणारा कोलंबस लोकप्रिय केला तो अमेरिकी लेखक वॉशिंग्टन अर्व्हिंगने, १८२८ च्या रंगतदार चरित्रात. १८७४ साली ड्रेपरने धर्म आणि विज्ञान यांच्या झगड्यावर पुस्तक लिहिलं आणि ही कल्पना पक्की झाली. जेफ्री बर्टन रसेल या इतिहासकाराने १९९१ मध्ये या दंतकथेची जन्मकथा पुस्तकरूपाने मांडली. तरी ती चालूच आहे.

आणि बायबल? पृथ्वीचे चार कोपरे प्रकटीकरणात आहेत, पृथ्वीचं वर्तुळ यशयात आहे. एक गट पहिलं दाखवतो, दुसरा दुसरं. दोन्ही वचनं काव्याच्या भाषेतली आहेत. भूगोल शिकवणं हा त्यांचा हेतू नाही. धर्मवचनांच्या आधारे आकाशाविषयी भलतंसलतं बोलून ख्रिस्ती लोकांनी हसं करून घेऊ नये, हे ऑगस्टिनने पाचव्या शतकातच बजावलं होतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. गॅलिलिओला जाळलं नाही. १६३३ च्या खटल्यात त्याला सूर्यकेंद्री मत सोडायला लावलं आणि १६४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत नजरकैदेत ठेवलं. हा अन्यायच होता, आणि चर्चला चूक कबूल करायला १९९२ साल उजाडलं. पृथ्वीचं वय सहा हजार वर्षं, हा आकडा बायबलात नाही. वंशावळींची बेरीज करून आर्चबिशप अशर याने १६५० साली तो काढला. उत्क्रांती कॅथलिक चर्चला वर्ज्य आहे, हेही खरं नाही. १९५० साली पोपने तिच्या अभ्यासाला मोकळीक दिली. काही प्रोटेस्टंट गट आजही तिला विरोध करतात, पण ती सगळ्या ख्रिस्ती समाजाची भूमिका नव्हे.

आता श्रद्धावंतांकडून येणारा संदेश. बायबलात यहोशवासाठी सूर्य थांबल्याची कथा आहे; त्या वेळचा हरवलेला दिवस नासाच्या संगणकाला सापडला म्हणे! हरवलेल्या दिवसाचा हा दावा संगणकांच्या आधीचा आहे. चार्ल्स टॉटनने १८९० साली असंच गणित छापलं होतं. मुळात ग्रहांच्या जागा आजच्या स्थितीवरून मागे मोजत नेतात. एखादा दिवस हरवला हे कळायला त्या काळातलं दुसरं स्वतंत्र घड्याळ हवं, आणि ते कुणाकडेच नाही. नासाने हे कधीच फेटाळलंय. कृपा करून पुढे पाठवू नका.

महास्फोटाचा सिद्धांत देवाला नाकारण्यासाठी काढला, असंही ऐकू येतं. तो मांडणारा जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री होता. १९५१ साली पोपने या सिद्धांताची सांगड उत्पत्तीच्या कथेशी घातली, तेव्हा ती लमेत्रलाच रुचली नाही. हा भौतिकशास्त्राचा सिद्धांत आहे, धर्माचा प्रश्न त्यात येतच नाही, ही भूमिका त्याने अखेरपर्यंत सोडली नाही.