मधुमेह, मूत्रपिंड आणि घरच्या घरी डायलिसिस

मधुमेह दीर्घकाळ आटोक्यात राहिला नाही, तर मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्या हळूहळू निकामी होतात. मग डायलिसिसचा विषय निघतो. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात जाऊन चार-चार तास यंत्राजवळ पडून राहणे, एवढेच त्याचे चित्र बहुतेकांच्या मनात असते. घरी करता येणारा पेरिटोनिअल डायलिसिस हा दुसरा मार्ग मात्र अनेक कुटुंबांना उशिरा कळतो.

आपल्या पोटातील अवयवांभोवती पेरिटोनियम हे पातळ आवरण असते. या पद्धतीत ते आवरणच गाळणीचे काम करते. लहानशा शस्त्रक्रियेने पोटात मऊ नळी बसवतात. तिच्यातून सुमारे दोन लिटर द्रव आत सोडून चार ते सहा तास ठेवतात. रक्तातील अशुद्ध द्रव्ये व जादा पाणी त्यात उतरले की तो काढून नवा भरतात. दिवसातून साधारणतः चार वेळा, प्रत्येक वेळी अर्धा-पाऊण तास हे काम चालते. पेढीमागील स्वच्छ, बंद खोलीतही ते करता येते. रात्री झोपेत यंत्राद्वारे करण्याचीही सोय आहे.

मधुमेही रुग्णाच्या रक्तवाहिन्या पुष्कळदा कमकुवत असतात. येथे त्यांत सुया टोचाव्या लागत नाहीत. पाणीही सावकाश निघत असल्याने रक्तदाब एकाएकी कोसळण्याची भीती कमी असते.

परंतु या व्यवहाराला खर्चाची बाजूही आहे. पाणी ओढून घेण्यासाठी द्रवात 1.5, 2.5 वा 4.25 टक्के ग्लुकोज असते. त्यातील बराच भाग रक्तात शोषला जातो, म्हणून इन्सुलिनची मात्रा नव्याने ठरवावी लागते. ग्लुकोजऐवजी आयकोडेक्स्ट्रिनचा द्रव दिला असेल, तर काही ग्लुकोमीटर साखर खोटी वाढलेली दाखवतात. त्या आकड्यावर इन्सुलिन घेणे जिवावर बेतू शकते. आपला ग्लुकोमीटर चालेल की नाही, हे आधीच विचारून घ्यावे.

दुसरा खर्च प्रथिनांचा. द्रवाबरोबर रोज सुमारे पाच ते दहा ग्रॅम प्रथिने शरीराबाहेर जातात, आणि उपवासाच्या दिवशीही ती जातच राहतात. कंदमूळ वर्ज्य असले तरी मूग, इतर डाळी, सोयाबीन, दही, पनीर यांतून ही उणीव भरून काढता येते. प्रमाण मात्र फॉस्फरसचा विचार करून आहारतज्ज्ञांनी ठरवावे. चौविहार पाळणाऱ्यांनी सायंकाळचे इन्सुलिन आणि रात्रभराचा अन्नविरह यांचा मेळ डॉक्टरांकडून घालून घ्यावा. अन्यथा मध्यरात्री साखर घसरू शकते. पर्युषणातील तपाचा निश्चयही डॉक्टरांशी बोलूनच करावा. औषध, पथ्य आणि देहाची शक्ती पाहून केलेला संयम हाही संयमच आहे.

सर्वांत मोठा धोका जंतुसंसर्गाचा. हात नीट धुणे, तोंडाला मास्क बांधणे, पंखा बंद ठेवणे, नळीच्या टोकाला काहीही लागू न देणे, यांत एक दिवसाचीही सूट नाही. जयणेची सवय असलेल्या घराला ही शिस्त परकी वाटू नये. बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला, पोट दुखू लागले वा ताप आला, तर ती पिशवी घेऊन त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

हा मार्ग सर्वांनाच मानवतो असे नाही. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना तो कदाचित वर्ज्य ठरेल. दृष्टी अधू झालेल्यांना घरातील दुसऱ्या हातांची गरज लागेल. शिवाय नळीची जखम भरण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि प्रशिक्षणालाही अवधी हवा. म्हणून मूत्रपिंडे मंदावल्याचे कळताच, धाप लागून धावपळ होण्यापूर्वी, घरातील सर्वांनी मूत्रपिंडतज्ज्ञांसमोर बसून दोन्ही पद्धती व प्रत्यारोपण यांची माहिती घ्यावी, खर्च विचारावा आणि पिशव्या बदलण्याचे काम कोण शिकणार हे त्याच बैठकीत ठरवावे.