स्त्रियांच्या मासिकांचा धनी कोण?

फॅशन, सौंदर्य आणि लग्नसोहळा यांना वाहिलेल्या स्त्रियांच्या मासिकांवर बोलायला कामगार संघटनेचा एक कार्यकर्ता उभा राहतो, याचे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटले असेल. शाळा बेताची, आयुष्य गेले गेटसभा, मागणीपत्रे आणि वाटाघाटी यांत; या माणसाचा त्या गुळगुळीत पानांशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. कोणत्याही कारखान्यात पाऊल टाकले की आमच्यासारख्यांच्या मनात तीन प्रश्न आपोआप येतात. येथे माल कोणता निघतो? तो काढणारे हात कोणाचे? आणि पैसा कोणाच्या खिशातून येतो? मासिक हाही एक कारखानाच आहे. म्हणून हेच तीन प्रश्न घेऊन आज आपण या मासिकांकडे जाऊ.

प्रारंभीच एक सांगितले पाहिजे. ही मासिके म्हणजे बायकांचे नटणे-मुरडणे, असे म्हणून पुरुषमंडळी हा विषय हसण्यावारी नेतात. ते बरोबर नाही. पॅरिसमध्ये १७८५ साली ‘काबिने दे मोद’ नावाचे पाक्षिक निघाले. त्यात पोशाखांची रंगीत चित्रे असत. छायाचित्र नव्हते, तयार कपड्यांची दुकाने नव्हती, अशा काळात दूरच्या गावातल्या शिंप्याला किंवा घरी शिवणाऱ्या बाईला बाही कशी लावायची, घेर किती ठेवायचा, हे अशा चित्रावरूनच समजे. तेव्हा या मासिकांचा जन्म उपयोगातून झाला आहे, हे ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी लुई गोडी यांनी १८३० साली ‘गोडीज लेडीज बुक’ सुरू केले. १८३७ पासून चाळीस वर्षे सारा जोसेफा हेल या बाई त्याच्या संपादिका होत्या. स्वतः विधवा, पाच मुलांची आई, लेखणीवर घर चालवलेली. १८६० च्या सुमारास या मासिकाचा खप दीड लाखावर गेला होता. वर्षाची वर्गणी तीन डॉलर. कष्टकरी घरातून ती सहज निघणारी नव्हती. त्यातली पोशाखांची चित्रे छापून झाल्यावर हाताने रंगवली जात आणि त्या कामावर सुमारे दीडशे बायका होत्या. म्हणजे प्रत्येक वर्गणीदारणीच्या हातात पडणारे चित्र कोणा दुसऱ्या बाईच्या कुंचल्याखालून गेलेले असे.

हेलबाईंनी या मासिकातून स्त्रियांच्या शिक्षणाचा पाठपुरावा केला. स्त्रियांनी डॉक्टर व्हावे म्हणून त्यांनी लिहिले आणि फिलाडेल्फियात स्त्रियांसाठी निघालेल्या वैद्यकीय कॉलेजची बाजू मांडली. ते कॉलेज आपल्याला परके नाही. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली तेथूनच डॉक्टर झाल्या. परंतु त्याच मासिकाच्या मालकाने राजकारणाला दाराबाहेर ठेवले होते. गुलामगिरीच्या प्रश्नावरून देश दुभंगला, यादवी युद्ध पेटले, तरी या पानांत त्याची चाहूल लागू दिली नाही. वर्गणीदार उत्तरेतही होते, दक्षिणेतही होते. कोणीच दुखावला जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब.

तरीही गोडी यांचा पैसा बव्हंशी वाचकांच्या वर्गणीतून येत होता. खरा पालट पुढे झाला. सायरस कर्टिस यांनी १८८३ साली ‘लेडीज होम जर्नल’ काढले आणि त्यांच्या पत्नी लुइझा नॅप त्याच्या पहिल्या संपादिका झाल्या. वर्षाची वर्गणी सुरुवातीला अवघी अर्धा डॉलर. एवढ्यात कागद, छपाई आणि टपाल यांचा खर्च निघणार कसा? कर्टिस यांचा हिशेब असा, की अंक स्वस्त द्यावा, खप वाढवावा आणि तो खप साबण, कापड, खाद्यपदार्थ यांच्या कारखानदारांना दाखवून जाहिरातीचा दर चढा लावावा. विसाव्या शतकाच्या आरंभी या मासिकाने दहा लाखांचा टप्पा गाठला. आमचे मासिक स्त्रियांच्या हितासाठी निघते असे संपादकाला वाटत असले, तरी ते निघते तुमचा माल त्यांच्या घरापर्यंत पोचावा म्हणून, असे कर्टिस यांनी जाहिरातदारांना उघड सांगून टाकले होते. माणूस स्पष्टवक्ता म्हणायचा!

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. येथे निघणारा माल कोणता? आपल्याला वाटते, मासिक हा माल आणि वाचक हे गिऱ्हाईक. परंतु ज्या घडीला अंकाची किंमत छपाईच्या खर्चाखाली गेली, त्या घडीला वाचक हाच माल झाला आणि जाहिरातदार हा गिऱ्हाईक. ‘व्होग’ हे १८९२ साली निघालेले साप्ताहिक १९०९ मध्ये काँडे नास्ट यांनी विकत घेतले. त्यांनी या धंद्याला आणखी धार लावली. १९१३ साली त्यांनी एक दृष्टांत दिला होता. एका ताटात वीस लाख सुया आहेत. त्यांतल्या दीड लाख सुयांनाच सोन्याचे टोक आहे. त्या एकेक करून निवडत बसण्यापेक्षा फक्त सोन्याच्या टोकाच्या सुया ओढून घेणारा लोहचुंबक मिळाला तर केवढी बचत! ‘व्होग’ हा तो चुंबक. उरलेल्या साडेअठरा लाख सुयांचे काय, हा प्रश्न त्या हिशेबात येतच नाही.

ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी, ही आपली म्हण येथे तंतोतंत लागू पडते. लग्नाच्या मासिकांत तर ती सर्वांत उघडी दिसते. न्यूयॉर्कमध्ये १९३४ साली जाहिरातीच्या धंद्यातल्या एका गृहस्थाने नवऱ्या मुलींसाठी एक मासिक काढले. तेच पुढे ‘ब्राइड्स’ म्हणून प्रसिद्ध झाले. आरंभी ते सधन घरांतल्या वाग्दत्त वधूंना फुकट पाठवले जाई. फुकट का? कारण दुकानदाराच्या दृष्टीने वधू म्हणजे सुगी. चार-सहा महिन्यांत ती पोशाख, अंगठी, चादरी, भांडी, प्रवास, सारे काही एकदम घेते. शिवाय ही खरेदी ती पहिल्यांदाच करत असते. योग्य काय, अवाजवी काय, याचा अनुभव तिच्या गाठी नसतो. वर्षभराने ती निघून जाते आणि तिच्या जागी नवी येते, म्हणून तोच उपदेश दरसाल नव्याने छापता येतो. आपल्याकडे बस्ता बांधायला निघताना आत्या, मावशी, थोरली जाऊ बरोबर असतात. त्यांचे सल्ले कधी जुनाट असतील, पण दुकानदाराकडून त्यांना कमिशन मिळत नाही. या मासिकाने त्या मावशीची जागा घेतली. फरक एवढाच, की या मावशीचा पगार दुकानदार देतो.

‘रीत’ कशी तयार होते, याचे एक उदाहरण पाहा. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया १८४० साली पांढऱ्या पोशाखात बोहल्यावर चढली. त्याआधी श्रीमंत घरांत पांढरा पोशाख होत असे, परंतु सामान्य घरातली मुलगी आपल्या चांगल्यातल्या चांगल्या रंगीत पोशाखात लग्न करी आणि तोच पुढे वर्षानुवर्षे वापरी. त्या लग्नाला नऊ वर्षे होतात न होतात तोच, १८४९ मध्ये, ‘गोडीज’ने लिहिले की वधूला पांढराच रंग शोभतो, असे रूढीने फार प्राचीन काळापासून ठरवले आहे. नऊ वर्षांची फॅशन एका लेखाने प्राचीन झाली!

हिऱ्याच्या अंगठीची कथा याहून बोलकी आहे. मंदीमुळे हिऱ्यांना उठाव नव्हता, म्हणून डी बीअर्स कंपनीने १९३८ साली एन. डब्ल्यू. एयर या जाहिरात संस्थेला हाती धरले. १९४७ मध्ये ‘हिरा चिरंतन आहे’ या अर्थाचे त्यांचे प्रसिद्ध वाक्य जन्माला आले आणि मासिकांच्या पानोपानी झळकले. जपानात १९६७ साली शंभर वधूंपैकी पाचजणींनाही हिऱ्याची अंगठी मिळत नव्हती. १९८१ पर्यंत हे प्रमाण साठाच्या घरात गेले. चौदा वर्षांत एका प्राचीन देशाला नवी ‘परंपरा’ लाभली.

मी हे गमतीने सांगत असलो, तरी यातली दुसरी बाजू आम्ही रोज पाहतो. आमच्याकडच्या कामगार पतपेढ्यांत कर्जाचे अर्ज येतात, त्यांत ‘मुलीचे लग्न’ हे कारण वरचेवर असते. लग्न एका दिवसात उरकते. हप्ते पगारातून वर्षानुवर्षे कापले जातात. बाप काटकसर जाणत नाही असे नाही. परंतु चारचौघांत ‘एवढे तरी हवेच’ ही रेषा त्याने आखलेली नसते. ती दुसऱ्याच कोणीतरी, आपला माल खपावा म्हणून, जरा जरा वर सरकवलेली असते.

दुसरा प्रश्न हातांचा. लंडनमध्ये जून १८६३ मध्ये मेरी ॲन वॉकली ही वीस वर्षांची शिवणकाम करणारी मुलगी मरण पावली. युवराज्ञीच्या सन्मानार्थ होणाऱ्या नृत्यसमारंभासाठी उमरावांच्या स्त्रियांचे पोशाख तयार करायचे होते. साठ मुली, एकेका खोलीत तीसजणी, आणि ती सलग साडेसव्वीस तास काम करत होती. ही हकीकत वर्तमानपत्रांत आली आणि पुढे मार्क्सने ‘कॅपिटल’मध्ये नोंदली, म्हणून आपल्याला ठाऊक. फॅशनच्या पानांवर पोशाख येतो. तो शिवणारी येत नाही.

हे जुन्या काळापुरते आहे असे मानू नये. ‘व्होग’ची भारतीय आवृत्ती २००७ साली सुरू झाली. ऑगस्ट २००८ च्या अंकात साध्यासुध्या गरीब माणसांच्या अंगावर महागड्या वस्तू घालून चित्रे काढली होती. एका बाईच्या कडेवरच्या मुलाच्या गळ्यात सुमारे १०० डॉलरचे लाळेरे, एका माणसाच्या हातात सुमारे २०० डॉलरची छत्री. चित्राखाली वस्तू करणाऱ्या कंपनीचे नाव होते, माणसाचे नव्हते. त्यावर टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती.

सगळीच मासिके मात्र एका माळेचे मणी नव्हेत. एने बुर्डा या जर्मन बाईंनी ऑफेनबुर्ग गावातून १९५० च्या सुमारास जे मासिक चालवले, त्यात पोशाख बेतायचे कागदी नमुनेच घातलेले असत. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात थोड्या कापडात नीटनेटका झगा घरच्या घरी शिवता येऊ लागला. १९८७ साली ते सोव्हिएत रशियातही रशियन भाषेत निघाले. वाचकाच्या हाताला कसब देणारे मासिक आणि वाचकाला केवळ दुकानाच्या दारात नेऊन उभे करणारे मासिक, यांतला भेद ओळखला पाहिजे.

आणि वाचक स्त्रियाही मुकाट बसलेल्या नाहीत. १८ मार्च १९७० रोजी शंभराहून अधिक स्त्रिया ‘लेडीज होम जर्नल’च्या न्यूयॉर्कमधील कचेरीत शिरल्या आणि संपादक जॉन मॅक कार्टर यांच्या खोलीत अकरा तास ठिय्या देऊन बसल्या. त्यांचे मागणीपत्र एखाद्या जाणत्या युनियनने लिहावे असे होते. मुख्य संपादक स्त्री असावी. नोकरांच्या मुलांसाठी कचेरीत पाळणाघर असावे. आठवड्याचे किमान वेतन १२५ डॉलर असावे. स्त्रियांना कमी लेखणाऱ्या जाहिराती बंद व्हाव्यात. सगळे मिळाले नाही. ऑगस्टच्या अंकात आठ पाने आणि त्यांच्या लेखनाबद्दल दहा हजार डॉलर, एवढ्यावर तडजोड झाली. परंतु १९७३ मध्ये त्या मासिकाच्या संपादकपदी लेनोर हर्शी या बाई आल्या. पहिल्या वाटाघाटीत हाती थोडेच येते आणि पुढची वाट मोकळी होते, हा आमचाही अनुभव आहे.

तिसऱ्या प्रश्नाचा सोक्षमोक्ष ‘मिस’ या मासिकाने लावून पाहिला. ग्लोरिया स्टायनम आदी स्त्रियांनी १९७२ पासून चालवलेल्या या मासिकाने १९८० मध्ये रशियातून हद्दपार झालेल्या स्त्रियांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. प्रसाधने विकणाऱ्या रेव्हलॉन कंपनीने जाहिरात देण्याचे नाकारले. कारण, स्टायनमबाईंच्या सांगण्याप्रमाणे, त्या स्त्रियांच्या चेहऱ्याला रंगरंगोटी नव्हती. अखेर १९९० साली ‘मिस’ने जाहिराती सोडल्या आणि वाचकांच्या पैशांवर अंक काढला. अंक महाग झाला, पण धनी बदलला.

आज यांतली पुष्कळ कागदी मासिके उरलेली नाहीत. ‘लेडीज होम जर्नल’चे मासिक अंक २०१४ मध्ये थांबले, ‘ब्राइड्स’ची छपाई २०१९ मध्ये. पाने गेली आणि पडदा आला. हातातल्या फोनवर वधूचा शृंगार दाखवणारी तरुणी जेव्हा एखाद्या मलमाचे गुण गाते, तेव्हा तिचा पगार कोण देतो, हे शोधणे पूर्वीहून कठीण झाले आहे. पण हातांनी आपले म्हणणे मांडणे सोडलेले नाही. मे २०२४ मध्ये, न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मेट गाला समारंभाच्या दिवशी सकाळी, ‘व्होग’ काढणाऱ्या कंपनीने आपल्या नोकरांच्या युनियनशी समझोता केला. नोकरांनी बाहेर पडण्याचा इशारा दिला होता. सुरुवातीचा किमान वार्षिक पगार ६१,५०० डॉलर ठरला. २०२५ पासून न्यूयॉर्क राज्यात मॉडेलचे काम करणाऱ्या मुलामुलींना संरक्षण देणारा कायदाही अमलात आला.

तेव्हा भगिनींनो आणि बंधूंनो, ही मासिके वाचू नका, असे मी सांगणार नाही. सुंदर दिसावे ही इच्छा काही श्रीमंतांच्या मालकीची नव्हे. आठ तास यंत्रावर उभी राहणारी बाईही सणाला गजरा माळते आणि तो तिचा हक्क आहे. माझे सांगणे एवढेच, की पुढच्या वेळी असा अंक किंवा असे चित्र हाती आले तर जाहिरातीची पाने बाजूला काढून उरलेली मोजा. जो पोशाख आवडला तो कोणी शिवला, याची विचारपूस करा. आणि घरात लग्न निघाले असेल, तर ‘एवढे हवेच’ असे म्हणणाऱ्याला विचारा, की बाबा, हे कोणी ठरवले आणि त्यासाठी तुला कोण पैसे देते? उत्तर ऐकून मग बस्ता बांधायला निघा.