पाण्याचं महायुद्ध आणि साखरेची पोती

आमच्या खजुरी गावात पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतंच, 'तिसरं महायुद्ध पाण्यावरून होणार!' जागतिक बँकेचे उपाध्यक्ष इस्माईल सेरागेल्दिन 1995 साली तसंच काहीसं बोलले आणि बाकीचं सिनेमांनी केलं. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'मध्ये कड्यावरचा हुकूमशहा पाणी सोडतो, खाली तहानलेली माणसं भांडी घेऊन धावतात. भविष्य असंच, हे डोक्यात पक्कं बसलंय.

वस्तुस्थिती वेगळी आहे. ओरेगन स्टेट विद्यापीठाच्या एरन वुल्फ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले देशादेशांतले पाण्याचे व्यवहार तपासले. 1,831 पैकी 1,228 सहकार्याचे निघाले. हिंसेपर्यंत गेले फक्त 37. पाण्यासाठीच झालेलं युद्ध शोधायला साडेचार हजार वर्षं मागं, मेसोपोटेमियातल्या लगाश आणि उम्मापर्यंत जावं लागतं. दंगली होतात, 1991 साली कावेरीवरून बेंगळुरूत माणसं मेली. पण वाटणी शेवटी लवादापुढंच होते. आपल्या आळंदची अमर्जा नदी भीमेतून कृष्णेला जाते. त्या कृष्णेचं 2,060 अब्ज घनफूट पाणी बच्छावत लवादानं महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700, आंध्राला 800 असं वाटून दिलं.

युद्धाच्या या गप्पांची चीड येते, कारण त्यात आपल्या शिवारातलं पाणी कुठं गेलं हे विचारायचंच राहतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आता कृषी खर्च व मूल्य आयोगाचा हिशोब बघा: एक किलो साखरेमागं दीड ते दोन हजार लिटर पाणी. म्हणजे ती अख्खी गाडी पन्नास किलोच्या पाच-सहा पोत्यांत संपली! लातूरजवळच्या मांजरा नदीच्या खोऱ्यात ऊस वाढत गेला तो आपल्याच हातांनी. कुठलं परकं सैन्य आलं नव्हतं.

विज्ञानकथा वाचायचीच तर फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' (1965) वाचा. वाळूच्या टेकड्या गवत लावून थोपवण्याचं सरकारी काम ओरेगनच्या किनाऱ्यावर पाहून त्याला ती सुचली. त्यातल्या वाळवंटी टोळ्या जमिनीखाली पाणी साठवतात आणि तहानेनं जीव चालला तरी त्या साठ्याला कुणी हात लावत नाही, कारण तो सगळ्यांचा. आपल्याकडे 1882 च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. त्यामुळं एकानं तीनशे फूट बोअर मारली की शेजारी पाचशे मारतो, आणि दोघांच्या मधली जुनी विहीर आटते.

'खाली नदी वाहते, खोल गेलं की लागतीच', हेही खोटं. आपल्या काळ्या पाषाणात पाणी असतं ते मुरमात आणि भेगांत. भेग चुकली की हजार फुटांवरही नुसता फुफाटा.

सिनेमातून आलेले आणखी दोन समज. 'परग्रहवासी पाणी लुटायला येतील': गुरूच्या युरोपा या चंद्रावर बर्फाखाली पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या सुमारे दुप्पट पाणी असावं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. त्यासाठी इथवर कोण येईल?

'अवतार सिनेमासारखं, आदिवासींनी खाण अडवणं फक्त पडद्यावर घडतं': ओडिशातल्या नियमगिरीत डोंगरिया कोंधांच्या 12 ग्रामसभांनी 2013 साली बॉक्साइटच्या खाणीला नकार दिला. पुढच्या वर्षी केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानंही परवानगी नाकारली.