चित्राची प्रत आणि डेटाचा जमाखर्च

धानाची रोवणी आटोपून, वैनगंगेकाठच्या पवनीत ओसरीवर बसून वीतभर मोबाईलवर झाडीपट्टीचे नाटक पाहणाऱ्या गृहस्थास, दिवसाचा दीड जीबी डेटा अंक संपण्यापूर्वीच का संपुष्टात आला, हे कोडे पडते. आणि त्याचे उत्तर बहुधा सेटिंग्जच्या दप्तरात, कोणी कधी न उघडलेल्या एका कलमात, निवांत पडून असते.

यूट्यूबच्या त्या कलमात मोबाईल नेटवर्क आणि वायफाय यांसाठी प्रतीची निरनिराळी तजवीज करता येते. तेथे ‘ऑटो’ मुक्रर असले, म्हणजे काही सेकंदांच्या तुकड्यांनी येणारे चित्र प्रवाहाचा वेग अजमावून कधी धूसर, कधी सुस्पष्ट होते. टॉवरवर वर्दळ कमी असली की हे ‘ऑटो’ डेटा मुक्तहस्ते खर्च करते. १०८०पीच्या एका चौकटीत सुमारे २०.७ लक्ष बिंदू, ४८०पीत ४.१ लक्ष, डेटा नेमका त्याच पटीत वाढत नसला, तरी एवढ्या खटाटोपाने सहा इंची काचेवर नटाच्या मिशीचे चार केस अधिक दिसतात, इतकेच. (आणि झाडीपट्टीचे नाटक, माझ्या मते, निम्मे कानांनीच पाहायचे असते.)

२४ मार्च २०२० रोजी देशातील प्रमुख व्हिडिओ कंपन्यांनी मोबाईल नेटवर्कवर ४८०पी हीच कमाल मर्यादा काही काळापुरती पत्करली, तेव्हा कोणाची करमणूक अडल्याचे स्मरत नाही.

मात्र मुलाला गणिताच्या तासात फळ्यावरचा घातांक वाचायचा असेल, तर चालू व्हिडिओवरच ७२०पी निवडावे. ती निवड त्या व्हिडिओपुरतीच राहते, कायमचे कलम अबाधित राहते.