बंबापासून राखेपर्यंत

थंडीतली पहाट. अंघोळीचा बंब पेटवायचाय, पण पऱ्हाटीच्या काड्या दवानं ओलसर झाल्यात. मग कॅरीबॅग, दुधाची पिशवी, नाहीतर सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाली सारला जातो. शिरपूर काय नि तालुक्यातली गावं काय, घरचा कचरा जाळायची सवय बऱ्याचदा इथूनच लागते. दारापुढचा ढीग नंतरचा. त्या ढिगात काय घडतं ते क्रमानं पाहू या.

काडी लावली की आगीची ताकद आधी पाणी उडवण्यात खर्च होते. भाजीची देठं, सालं, ओला पाला सुकेपर्यंत ढीग नुसता धुमसतो. पहिली चूक इथं होते. आग धरत नाही म्हणून आपण वरून रॉकेल किंवा डिझेल ओततो. भडका उठतो, हात-तोंड भाजतं आणि खालचा ओला थर तसाच धुमसत राहतो.

धुमसताना हवा अपुरी पडते, जळण अर्धवट होतं. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो, म्हणून डोकं जड होतं, मळमळतं. बंद न्हाणीघरात तर जिवावर बेतू शकतं. सोबत उडणारे सर्वांत घातक कण अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसात खोलवर जातात. खानदेशात हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि जड असते. धूर वर चढत नाही, गल्लीतच साचतो. आणि आपण नेमका तेव्हाच कचरा पेटवतो, वर लेकरांना शेकायला जवळ बसवतो. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते.

मग प्लास्टिक पेट घेतं. त्यातलं पीव्हीसी, म्हणजे वायरीचं वेष्टण, पाइपचे तुकडे, सर्वांत वाईट. त्याच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. घसा चरचरतो तो त्याच्या आम्लाच्या वाफेनं. तांबं काढायला वायरीचं वेटोळं जाळणाऱ्या पोरांना आपण ताबडतोब थांबवायला हवं. यातूनच डायऑक्सिन बनतं. डायऑक्सिन म्हणजे वर्षानुवर्षं न मोडणाऱ्या विषारी रसायनांचा गट. ते चाऱ्यावर बसतं, म्हशीच्या पोटात जातं आणि दुधातल्या चरबीतून आपल्याच घरी परततं. कचरा जाळण्याच्या मोठ्या भट्ट्यांत धूर ८५० अंशांवर निदान २ सेकंद ठेवतात, नंतर गाळतात. दारापुढच्या ढिगात असं काहीच होत नाही.

रिकामे वाटणारे स्प्रेचे डबे आणि मोबाइलच्या बॅटऱ्या आगीत फुटतात. त्या ढिगाजवळही नकोत.

शेवटी राख उरते. चुलीच्या राखेनं भांडी घासायची आपली जुनी रीत, म्हणून हीही राख कुणी भांड्यांना लावतं, कुणी वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात टाकतं. तसं करू नका. हिच्यात शिसं, कॅडमियम असे जड धातू उरलेले असू शकतात. कोंबड्यांनाही तिथं टोचू देऊ नका.

कायद्यानंही हे चालत नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादानं साध्या जाळण्यासाठी ५,००० रुपये दंड ठरवला.

मग करायचं काय? ओला कचरा परसातल्या खड्ड्यात टाका, त्यावर पाला नि थोडी माती पसरा, खत होतं. पिशव्या, बाटल्या धुऊन, वाळवून घंटागाडीत किंवा भंगारवाल्याला द्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, खूण करून वेगळे द्या; त्यांतही प्लास्टिक असतं. गाडी येत नाही अशा वस्तीवर सुकं प्लास्टिक पोत्यात साठवा, बाजारच्या दिवशी शहरात न्या.

कपाशीच्या फवारणीचे डबे मात्र या कशातच घालू नका. रिकामे होताच तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता, डब्याला भोक पाडा म्हणजे त्यात पुन्हा कुणी तेल-पाणी भरणार नाही, आणि दुकानदार परत घेतो का ते विचारा.

राहिला बंब. रात्रीच चार काड्या आणि गोवरीचा एक तुकडा घरात घेऊन ठेवा. सकाळी नारळाच्या शेंड्यांवर पेटवा. कॅरीबॅग लागत नाही.